‘लाडू’ चार आठवडे जेवला नाहीये

या महिन्यात सापांवरची पत्रं खूप आली, त्यातली तीन घेतेय. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण तसाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही मिशिगनला ट्रॉयमध्ये राहतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा, दोन वर्षं साप पाहिजे साप पाहिजे म्हणून मागे लागला होता, शेवटी एका रेप्टाइल शोमधून बॉल पायथनचं तीन महिन्यांचं पिल्लू घेतलं. गोल वेटोळं करून बसतो म्हणून त्याचं नाव लाडू. वजन ११० ग्रॅम. तीन फुटी काचेची टाकी आहे, वर जाळीचं झाकण, आत लाकडाचा भुसा, एक अर्धं पोकळ लाकूड आणि लाल बल्ब, तो दिवसरात्र चालू असतो. आणून चार आठवडे झाले, तीनदा फ्रोझन उंदीर देऊन बघितला, तोंड फिरवतो. मुलगा रोज संध्याकाळी त्याला हातात घेतो, मित्र येतात बघायला. आम्ही शाकाहारी आहोत, ते उंदीर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवताना मला अक्षरशः रडू आलं, तरी पोराच्या जिवासाठी केलं, आणि आता हा खातच नाही. पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत भारतातून. काय करू?
एक आई, ट्रॉय

उत्तर: ताई, आधी एक सांगते, चार आठवडे न जेवल्याने लाडू मरणार नाही, तेव्हा आज रात्री शांत झोपा. बॉल पायथन ही उपाशी राहण्यात पटाईत जात आहे, मोठे साप हिवाळ्यात महिनोन्‌महिने काही खात नाहीत आणि ठणठणीत असतात. पण तुमचं पिल्लू आहे, त्याच्या अंगात साठा कमी, म्हणून दुर्लक्ष पण करायचं नाही. इतकी वर्षं साप सांभाळून आणि लोकांचे साप बघून माझं एकच मत झालंय, नवीन आणलेला साप खात नाही तेव्हा खोट जेवणात क्वचित असते, खोट घरात असते. घर नीट केलं की बहुतेक वेळा तो आपणहून खायला लागतो. म्हणून उंदराचं नंतर बोलू, आधी टाकीचं.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना टोगो बेनिन त्या भागातला. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात अंग चोरून पडून असतो आणि रात्री बाहेर येतो. आता लाडूच्या जागी बसून बघा, चारी बाजूंनी काच, वर लाल उजेड जो कधी मावळतच नाही, लपायला एकच लाकूड आणि ते पण दोन्हीकडून उघडं, आणि रोज संध्याकाळी चार मुलांचे हात. त्याच्या दृष्टीने तो उघड्या माळावर पडलाय आणि कुणीतरी त्याला रोज उचलून नेतंय. अशा वेळी तो जेवणाचा विचारच करत नाही.

टाकी बदलायची गरज नाही, तीन फुटी टाकी पिल्लाला चालते, ती रिकामी आहे हा प्रॉब्लेम आहे. तीन बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटवा. लपायला दोन एकसारख्या गुहा आणा, एकाच तोंडाच्या, आणि लाडू आत बसला की अंग भिंतींना टेकेल इतक्याच मोठ्या, ऐसपैस नको. एक गरम बाजूला ठेवा, एक थंड बाजूला, म्हणजे ऊब पाहिजे की लपायला पाहिजे असं त्याला निवडावं लागणार नाही. मधल्या जागेत प्लास्टिकच्या वेली, पानं, पुठ्ठ्याच्या नळ्या, जे असेल ते भरा, एका गुहेतून दुसरीत जाताना तो दिसता कामा नये. मोठा झाल्यावर मात्र चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असं घर लागेल, त्याची तयारी आत्तापासून मनात ठेवा.

लाकडाचा भुसा आजच काढा. पाइन किंवा सीडरचा असेल तर त्याचा वास सापाच्या फुप्फुसांना बाधतो, आणि कुठल्याही कोरड्या भुशात ओल टिकत नाही. त्याऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा तीन-चार इंच पसरा. मिशिगनच्या थंडीत घरात हीटर चालू असतो, हवा एकदम कोरडी होते, आणि लाडूला ६० ते ७० टक्के दमटपणा लागतो. जाळीचं झाकण पाऊण भाग अॅल्युमिनियम फॉइलने झाका, बल्बची जागा सोडून, आणि काथ्याच्या कोपऱ्यांत पाणी ओता, वरून नुसतं फवारून उपयोग नाही, तासाभरात उडून जातं. तळ ओलसर, वरचा थर कोरडा, असं जमलं पाहिजे. मोजायला डिजिटल मीटर घ्या, ते काट्याचे गोल मीटर चिकटवलेले असतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

आता ऊब. लाल बल्ब काढून टाका, तो लाल असला तरी सापाला दिसतो, त्याला रात्र मिळत नाहीये. उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो तो लावा आणि तो थर्मोस्टॅटलाच जोडा, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला तो आपोआप बंद-चालू होतो. गरम गुहेत ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे तुमच्याकडच्या हिशोबाने ८८ ते ९० फॅरनहाइट, थंड बाजूला २५-२६, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. थर्मामीटरचा सेन्सर गुहेच्या आत ठेवून मोजायचं, काचेवर नाही. थर्मोस्टॅटचं मी इतकं का सांगतेय तर माझा पहिला साप मी भाजलाय. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, टाकीखाली हीट मॅट नुसती प्लगला लावली होती, काच इतकी तापली की हात ठेववेना, आणि तो बिचारा त्यावरच पसरून होता, कारण पोटाखालच्या चटक्यापासून साप आपण सरकतो तसा पटकन सरकत नाही. सकाळी उचलला तर पोटाचे खवले तपकिरी, ओलसर. डॉक्टर, मलम, पेपर टॉवेलवर ठेवणं, तीन वेळा कात टाकली तेव्हा कुठे डाग गेले. आज पंधरा वर्षं झाली, अजून मी रोज सकाळी चहाच्या आधी थर्मोस्टॅटचा आकडा बघते.

एवढं सगळं झालं की एक आठवडा त्याला हात लावायचा नाही. अजिबात नाही. पाणी बदला, शी दिसली तर उचला, बाकी टाकी बंद. मुलाला हे अवघड जाईल, त्याला माझ्याकडून सांगा की या वयात लाडूसाठी करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि मित्रांना महिनाभर फोटोच दाखव. नंतरही आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, आणि जेवणानंतर ४८ तास नाही. जेवलेल्या सापाला हाताळलं तर तो गिळलेलं बाहेर टाकतो आणि पोटातलं आम्ल घशाला लागतं, मग दहा-पंधरा दिवस त्याला काही देता येत नाही.

आता उंदीर. ज्याच्याकडून साप घेतला त्याला आजच मेसेज करा आणि तीन गोष्टी विचारा, माउस म्हणजे छोट्या जातीचा उंदीर देत होता की रॅट म्हणजे मोठ्या जातीचा, जिवंत की फ्रोझन, आणि कुठल्या वारी. बॉल पायथन ज्याची सवय लागली तेच मागतो, रॅटवर वाढलेलं पिल्लू माउसकडे बघत पण नाही आणि उलट पण. मापाचं म्हणाल तर या वयात सापाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे लाडूला अकरा ते सोळा ग्रॅमचं रॅटचं पिल्लू, जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. आठवड्यातून एक. वर्षभराने दहा-पंधरा दिवसांनी एक, पूर्ण वाढ झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी एक सुद्धा पुरतो, जास्त भरवलेले साप आतून चरबीने खराब होतात.

देण्याची पद्धत महत्त्वाची आहे. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बंद डब्यात वितळायला ठेवा. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं, पोटात हात लावून बघा, आत गार गाठ राहता कामा नये. मायक्रोवेव्ह कधीच नाही. मग पुसून कोरडा करा आणि डोक्याला हेअर ड्रायरची ऊब द्या, कारण या सापाच्या वरच्या ओठावर छोटे खड्डे असतात, त्यांनी त्याला उष्णता कळते, गार उंदीर त्याला दगडासारखाच. खोलीतला दिवा बंद, लांब चिमट्याने शेपटीजवळ धरून गुहेच्या तोंडाशी हळू न्यायचा. जीभ भरभर आत-बाहेर होत असते ती सावकाश होते, मान इंग्रजी एससारखी मागे दुमडते, आणि मग सगळं स्तब्ध. इथे बहुतेक जण घाई करून उंदीर हलवतात आणि साप बिचकतो. थांबा. कधी दहा मिनिटं जातात. मग एकदम झडप, तीन वेढे, आणि नंतर बराच वेळ तो नाकाने चाचपत उंदराचं डोकं शोधत बसतो, सापडलं की तिथून गिळायला सुरुवात. गिळून झालं की मोठ्ठी जांभई देतो, जबडा जागेवर बसवतो तो. ते एकदा मुलासोबत बघाच, भीती जाते.

नाहीच घेतला तर रात्रभर गुहेसमोर ठेवा, सकाळी टाकून द्या, आणि पुन्हा सात दिवसांनी. रोज रोज समोर नाचवायचा नाही. डोळे निळसर धुरकट दिसले तर तो कात टाकणार आहे, त्या दिवसांत देऊच नका, कात पडल्यावर द्या. कात उजेडासमोर धरून डोक्याचा भाग बघायचा, डोळ्यांच्या जागी कॉन्टॅक्ट लेन्ससारख्या दोन चकत्या दिसल्या पाहिजेत, नसल्या तर त्या डोळ्यावरच राहिल्यात म्हणजे दमटपणा कमी पडतोय. नखाने काढायला जाऊ नका.

दर रविवारी वजन करा, वेगळा काटा घेऊन, आणि वहीत लिहा, हे काम मुलाचं. ११० चे ९९ ग्रॅम झाले तर वाट बघायची नाही. तसंच तोंड उघडून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, घरघर, अंगावर मिरीच्या भुकटीसारखे फिरणारे ठिपके, यातलं काही दिसलं तरी सरळ डॉक्टर, आणि कुत्र्यामांजरांचे नाही, सरपटणाऱ्यांचे. अमेरिकेत एआरएव्ही ही अशा डॉक्टरांची संघटना आहे, त्यांच्या साइटवर जवळचे डॉक्टर शोधता येतात.

मटारच्या पिशवीबद्दल. ताई, रडू आलं ते मला समजतं, मीही अशाच घरातली आहे, आमच्याकडे अंडंसुद्धा यायचं नाही. पण सापाला दुसरा पर्यायच नाही, पनीर नाही, अंडं नाही, त्याला अख्खा प्राणी लागतो, हाडातलं कॅल्शियम आणि काळजातली जीवनसत्त्वं त्यातूनच मिळतात, म्हणून तर त्याला वरून औषधं-पावडरी लागत नाहीत. पण ते तुमच्या स्वयंपाकघरात कशाला? एक छोटा फ्रीज, वर फ्रीजरवाला, गॅरेजमध्ये ठेवा, चिमटा, भांडं, डबा सगळं तिथलंच वेगळं, आणि धुणं पण किचनच्या सिंकमध्ये नाही. यात सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नाही, साप आणि उंदीर दोन्हींकडून साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो, पाच वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतील तर हे पाळलंच पाहिजे. हाताळल्यावर साबणाने हात, दर वेळी.

सासूबाईंना विमानात बसायच्या आधी सांगा, इथे आल्यावर कळायला नको. टाकीला कुलूप लावा, जाळीच्या झाकणाला क्लिपा पुरत नाहीत, पिल्लू बोटभर फटीतून निघतं. आणि त्यांना हवं असेल तर नागपंचमीला काचेबाहेर फूल वाहू द्या, दूध मात्र नको, ते का ते पुढच्या उत्तरात आहे.

अजून एक. हा साप वीस-तीस वर्षं जगतो. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा ती बासष्टच्या आसपास होती असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. तुमचा मुलगा कॉलेजला जाईल तेव्हा लाडू पाच वर्षांचा असेल. मुलगा गेल्यावर उंदीर कोण वितळवणार हे आत्ताच, तिघांनी बसून ठरवा.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातला, बारावीला आहे. कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापाचं पिल्लू सापडलं, तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. कवड्या आहे, बिनविषारी, असं मित्र म्हणतो. बरणीत ठेवलाय, झाकणाला भोकं पाडलीत, दूध आणि अंड्याचा बलक ठेवला पण खात नाही. पाळू शकतो का? काय देऊ?

उत्तर: बाळा, आधी बरणीला हात लावू नकोस, झाकण घट्ट आहे का लांबूनच बघ, तिच्यावर ऊन येत असेल तर आडोसा कर आणि घरच्यांना सांग. तपकिरी-काळपट अंगावर पांढरे पट्टे म्हणजे कवड्या पण असतो आणि मण्यार पण असतो. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे बहुधा मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात, पण पिल्लांत हे फसवं असतं आणि बरणीच्या काचेतून बघून मी काय, तुझा मित्र काय, कुणीच पैज लावायची नाही. मण्यार चावली तर दुखत पण नाही, सूज येत नाही, रात्री चावते आणि माणूस झोपेतच अत्यवस्थ होतो. पिल्लाला पण विष असतंच. कुणाला चावला असं वाटलं तर मांत्रिक नाही, बांधणं-कापणं नाही, १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना.

वन विभागाचा नंबर आहे १९२६, तिथे फोन कर, ते जवळच्या सर्पमित्राला पाठवतील. पाळता येणार नाही. आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, धामण असो, मांडूळ असो की अजगराचं पिल्लू, घरात ठेवणं गुन्हा आहे, मग तू कितीही प्रेमाने ठेव. मांडूळाचं तर तुला माहीत असेलच, दोन तोंडांचा म्हणून गुप्तधनाच्या नादात लोकांनी त्याचे केवढे हाल केलेत.

दूध आणि बलक काढायची पण घाई नको, येणारा माणूस बघेल. साप दूध पचवू शकत नाही. गारुडी त्याला दिवसच्या दिवस तहानलेला ठेवतात, मग तो समोर जे ओलं येईल त्यात तोंड घालतो, ते फुप्फुसात जातं आणि साप मरतो. कवड्या असेल तर त्याचं जेवण तुमच्या भिंतीवर आहे, पाली. म्हणून तर तो घराजवळ आला.

तुला साप आवडतात हे पत्रातून दिसतं. सुट्टीत पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात जाऊन ये, आणि चांगला सर्पमित्र भेटला तर त्याच्याबरोबर फिर, नुसतं बघायला, पकडायला नाही. वही ठेव, कुठला साप कुठे कधी दिसला ते लिही.

प्रश्न: पुण्यात राहतो. माझा मित्र जर्मनीला शिफ्ट होतोय, त्याचा सहा वर्षांचा बॉल पायथन मला देतोय. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, एसी नाही. उन्हाळ्यात काय करायचं? आणि घरात उंदीर सापळ्यात सापडतात ते चालतील का?

उत्तर: घरातले उंदीर अजिबात नाही. त्याने कुठे विषाची वडी खाल्लीय तुम्हाला कळणार नाही आणि तेच विष सापाच्या पोटात जाईल. पाळलेले पांढरे उंदीरच, आणि जिवंत टाकून निघून जाऊ नका, भुकेला उंदीर सापाची पाठ कुरतडतो, मी हाड दिसेपर्यंत कुरतडलेला साप बघितलाय. मित्र कसं देतो ते त्याच्या शेजारी उभं राहून दोनदा बघून घ्या आणि तसंच चालू ठेवा.

कागद आधी. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो आपल्या वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आला आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते, ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाते. मित्राच्या नावावर नोंद आहे का बघा, असेल तर तो जायच्या आधी तुमच्या नावावर करून घ्या, नंतर जर्मनीतून कागद मागवत बसाल. नोंदच नसेल तर साप घरी आणायच्या आधी वन विभागात जाऊन विचारा.

हवामानाचं पुण्यात उलटं आहे, इथे मे महिन्यात ऊब द्यायची नसते, काढायची असते. पस्तीसच्या वर बराच वेळ गेला तर सापाला धोका. टाकी जमिनीवर, घरातल्या सगळ्यात गार खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, हीटर बंद, आणि दुपारी पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून एका बाजूला टेकवायची, आत नाही. पावसाळ्यात दमटपणा आपोआप असतो, तेव्हा पाणी ओतणं थांबवा आणि हवा खेळती ठेवा, सतत ओल्यात बसून पोटाच्या खवल्यांना फोड येतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर आणि थर्मोस्टॅट लागणारच, लोड शेडिंगसाठी इन्व्हर्टरवर घ्या.

लपायला मातीचा माठ आडवा टाकून छान होतो, तोंडाच्या कडा कानसने घासून घ्यायच्या. माती पाणी धरते, आतून गार राहते. मित्राकडे असलं काही असेल तर तेच सोबत आणा, आणि मूठभर जुना भुसा पण, धुऊ नका, म्हणजे ओळखीचा वास राहील. साप कापडी पिशवीत, पिशवी खोक्यात, दुपारच्या उन्हात प्रवास नको, आणि शेवटचं जेवण आणायच्या किमान पाच दिवस आधी झालेलं असू द्या.